रिकामा पाळणा हलवू नये

झाशीतल्या मराठी घरांत पाळणा एकच होता. विकत घ्यायची कुणाची ऐपत नव्हती असे नाही, पण लक्ष्मी गेटच्या इंदिराकाकूंचा तो सागवानी पाळणा इतका देखणा आणि इतक्या चांगल्या पायगुणाचा मानला जाई की ज्या घरी मूल होणार तिकडे तो ठेल्यावर बसून जायचा आणि मूल रांगायला लागले की पुन्हा काकूंच्या माळ्यावर चढायचा. त्यामुळे कुणाकडे काय चालले आहे हे कळायला कुणाला विचारावे लागत नसे. पाळणा कुठल्या दिशेने निघाला तेवढे पाहिले की झाले. सदुसष्ट सालच्या फाल्गुनात तो सीपरी बाजारातून रेल्वे कॉलनीकडे निघाला. ठेल्यामागे सायकल हातात धरून विश्वंभरराव चालले होते, आणि विश्वंभररावांची बायको रुक्मिणी शेहेचाळीस वर्षांची होती.

"काए बाबूजी, घर में खुसी है?" ठेलेवाल्याने विचारले.

विश्वंभरराव रेल्वे कारखान्यात लाकडी साचे करायचे. डोक्यात मोजमापे घोळत असली की हा माणूस समोरच्याला काय उत्तर देतो याचा त्याला स्वतःलाच पत्ता नसे. ते म्हणाले, "हाँ हाँ. सनीचर तक तो होना ही है."

"सनीचर तक!" ठेलेवाला दचकला आणि त्याने ठेला इतका जपून चालवायला घेतला, की जणू बाळ आत्ताच आत झोपले आहे. बाजारात दोन मराठी बायका भाजी घेत होत्या. त्यांनी पाळणा पाहिला, विश्वंभररावांना पाहिले, एकमेकींना पाहिले आणि भाजी तशीच टाकून घरी गेल्या.

इकडे रुक्मिणीला यातले काही ठाऊक नव्हते. ती अंगणात बसून एका मोडक्या गिटारीकडे बघत होती.

ही गिटार शेजारच्या डोरीनची. डोरीन म्हणजे निवृत्त गार्डसाहेबांची बायको, अँग्लो-इंडियन, गोरीपान, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. बारा वर्षांपूर्वी तिने विश्वंभररावांना राखी बांधली, तेव्हापासून ती या घरची नणंद होती. रुक्मिणी एकदा तिच्याकडे लिंबाचे लोणचे द्यायला गेली, डोरीन गिटार वाजवत होती, आणि लोणच्याची बरणी हातात धरून रुक्मिणी दारातच उभी राहिली ती दूध उतू जाईपर्यंत. दूध तिच्या स्वतःच्या घरी होते, ते सासूबाईंनी नंतर बरेच दिवस ऐकवले. पण त्या दिवसापासून दुपारची भांडी घासून झाली की रुक्मिणी डोरीनकडे शिकायला जाऊ लागली. एक धून होती, डोरीनच्या आईची, झोक्यासारखी पुढेमागे जाणारी. रुक्मिणी ती वाजवायची आणि मधेच कुठेतरी तिचे बोट घसरायचे. डोरीन विणकामातून मान वर न करता म्हणायची, "अगेन!"

अगेन म्हणजे पुन्हा. इतके इंग्रजी रुक्मिणीला पहिल्याच दुपारी आले. त्यानंतर दोन वर्षे शिकवताना डोरीनच्या तोंडून तिने दुसरा शब्द ऐकला नाही. ती धून पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही तार न अडखळता, तिच्याकडून एकदाही झाली नव्हती.

आता डोरीन आणि गार्डसाहेब ऑस्ट्रेलियाला चालले होते, लेकाकडे, कायमचे. शनिवारी संध्याकाळची पंजाब मेल, मग मुंबई, मग बोट. सामान बांधण्याच्या गडबडीत डोरीननेच गिटार कोळशाच्या शेगडीला टेकवून ठेवली. धगीने गिटारीच्या मानेवरची पट्टी, जिच्यावर पितळी पडदे ठोकलेले असतात आणि बोटे दाबायची असतात ती, सुटली, वाकडी झाली आणि मधोमध चिरली.

"रख लो, रुकी," डोरीन म्हणाली होती. "अब तो बस लकड़ी है." आणि ती पाठ फिरवून ट्रंकेत कपडे भरू लागली, कारण तिला रडू लपवायचे होते.

रुक्मिणीला एवढेच हवे होते: डोरीन जायच्या आत, एकदा, ती धून तिच्यासमोर शेवटपर्यंत वाजवायची. जन्मात नवऱ्याजवळ तिने काही मागितले नव्हते. मागून उपयोगही नव्हता, कारण कारखान्यात आगगाडीच्या भल्याभल्या भागांचे साचे करणाऱ्या या माणसाने सव्वीस वर्षांत घरात एक खुंटी ठोकली नव्हती. सुताराचे मन सरकारी लाकडात. पण त्या रात्री तिने पानावर भाकरी वाढता वाढता मागितले, आणि विश्वंभररावांनी घास खाली ठेवला.

"बघू ती पट्टी," ते म्हणाले.

पट्टी बघितली आणि माणूस बदलला. त्यांनी ती डोळ्यासमोर आडवी धरली. "अगं, ही सपाट नाही! हिला पाठ आहे. मोठ्या चाकाचा तुकडा कापावा तशी गोलाई आहे. बारा इंची त्रिज्या." जेवण तिथेच राहिले.

लाकूड सासूबाईंनी दिले. सासूबाई म्हणजे गोदूबाई, वय ऐंशीच्या घरात, आणि त्यांच्या लग्नातला शिसवी पलंग त्यांच्याइतकाच जुना आणि खुटखुटणारा. त्याची एका बाजूची लांब फळी मोडून पडली होती, आणि पलंग त्या बाजूला विटांवर उभा होता. "घ्या," त्या म्हणाल्या. "तशीही पडलीच आहे. पण त्या तुणतुण्याचं काय खरं नाही हो."

विश्वंभररावांनी फळीतून पट्टी कापली आणि हाताने घासायला घेतली. गोलाई काही येईना. इथे टेकाड, तिथे खळगा. बोट फिरवले की लाकूड नाही, बुंदेलखंड लागायचे. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी ते मधेच थांबले, छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वसुंधरेचा पाळणा."

वसुंधरा त्यांची मुलगी, आता ग्वाल्हेरला सासरी असायची. तिच्या वेळी तोच सागवानी पाळणा घरी आला होता. दोन खांबांच्या मध्ये लोखंडी खुंट्यांवर झुलणारा. झुलला की त्याचा तळ हवेत अगदी वर्तुळाचा तुकडा काढतो, हे विश्वंभररावांच्या तेव्हाच लक्षात आले होते म्हणे. बाप मुलीकडे बघत होता असे रुक्मिणी पंचवीस वर्षे समजत होती! दुसऱ्या दिवशी ते लक्ष्मी गेटला गेले, इंदिराकाकूंच्या माळ्यावर चढले, टेप लावला आणि तिथूनच ओरडले, "बारा इंच! नेमके बारा!"

काकूंना वाटले, याला मुलगा होणार म्हणून हर्ष झाला आहे.

तर असा तो पाळणा रेल्वे क्वार्टरमध्ये येऊन पोहोचला. विश्वंभररावांनी तळाला पॉलिश पेपर चिकटवला, खाली फळीवर शिसवी पट्टी बसवली आणि पाळण्याला झोका देणार, तोच गोदूबाई आडव्या आल्या.

"खबरदार! रिकामा पाळणा हलवायचा नाही. माझ्या घरात नाही."

"आई, हे यंत्र आहे."

"यंत्र असेल, नाहीतर रेल्वेचं इंजन असेल. रिकामा हलवायचा नाही."

त्या आत गेल्या, पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला, वसुंधरेच्या जुन्या कुंचीत गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. बारशाला बायका वरवंट्यालाच बाळ करून पाळण्याखालून वरून फिरवतात, तेव्हा गोदूबाईंच्या लेखी हे अगदी शास्त्रोक्त होते. विश्वंभररावांनी कपाळाला हात लावला. मग झोका दिला, आणि त्यांचे डोळे चमकले. आधी रिकाम्या पाळण्याला त्यांनी चोरून एक झोका देऊन पाहिला होता, तेव्हा तो लाकडाला घासून लगेच मेला होता. वरवंट्याच्या वजनाने तो आता खर्र खर्र करत चालतच राहिला.

"आई, वजनच कमी पडत होतं!"

"मला काय सांगतोस," गोदूबाई म्हणाल्या.

संध्याकाळभर पाळणा हलला. रुक्मिणी झोके देत होती, विश्वंभरराव खालच्या फळीखाली पाचर ठोकून पट्टी केसभर केसभर वर उचलत होते. घरभर शिसवी भुकटी उडाली. शेवटी त्यांनी पट्टी सोडवली, पुसली, डोळ्यासमोर धरली आणि पुन्हा एकदा उलटून पाहिली.

पट्टी पन्हळ झाली होती. पाठ वर यायच्या ऐवजी मधोमध खोल गेली होती, पाणी ओतले असते तर वाहून गेले असते.

जन्मभर हा माणूस साचे कोरत आला होता. साच्यात जे फुगीर हवे ते खोल कोरायचे, हे त्याच्या हाडात मुरलेले. घरी पहिल्यांदा काही करायला घेतले, आणि तेही साच्याच्या रीतीने उलटे करून ठेवले. रुक्मिणीला आधी हसू फुटले. हसता हसता तिला दम लागला, आणि दम लागता लागता ती रडू लागली, कारण मोडक्या फळीतले लाकूड संपले होते आणि शनिवार दारात उभा होता.

नेमक्या त्याच वेळी दाराची कडी वाजली. शारदाबाई, पलीकडच्या क्वार्टरमधल्या, हातात चिंचेच्या गोळ्यांचा डबा. दार उघडले तर समोर रुक्मिणी: डोळे लाल, केस विस्कटलेले, संध्याकाळभर वाकून झोके दिल्याने एक हात कमरेवर. आणि आतून अजून झुलणाऱ्या पाळण्याच्या खुंट्यांचा कुईं कुईं आवाज.

"अगंबाई, उठलात कशाला?" शारदाबाई कुजबुजल्या. "अशा वेळी आंबट बरं वाटतं, म्हणून आणलं."

"कशा वेळी?" रुक्मिणी म्हणाली. मग तिने शारदाबाईंची नजर कुठे आहे ते पाहिले आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो, छे छे! तसं काही नाही! गिटार आहे!"

"हो ना, हो ना," शारदाबाईंनी तिचा हात थोपटला. "मी कुणाला सांगणार आहे?"

आणि त्यांनी कुणालाही सांगितले नाही, मराठी घरे सोडून. दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरहून येणाऱ्या गाडीच्या गार्डने डिंकाच्या लाडवांचा डबा आणून दिला. वसुंधरेने पाठवला होता, निरोपासकट: आईला म्हणावं, लाजू नकोस, मी चिडले नाही. रुक्मिणीने डबा हातात घेतला आणि ती पदरात तोंड खुपसून हसली की रडली हे त्या गार्डला सांगता आले नाही.

पण लाडवाने पट्टी होत नाही. विश्वंभरराव पन्हळ मांडीवर घेऊन बसले होते. रंधा-करवत चालवणारा माणूस हातावर हात ठेवून बसला की घर ओकेबोके वाटते. रुक्मिणीला आता गिटारीपेक्षा त्यांचीच काळजी वाटू लागली. "जाऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही केलंत, मला पोचलं." हे ती मनापासून म्हणाली, पण तिचे तिलाच ते खोटे वाटले.

गोदूबाई मोरीत अंघोळ करून टाचा घासत बसल्या होत्या. दाराला पडदा, आवाज आरपार. "विशू," त्या आतून म्हणाल्या, "मी साठ वर्षं टाचा घासते आहे. दगड हातात घेऊन टाचेवर फिरवला की टाचेला खड्डा पडतो. दगड जमिनीवर ठेवते, टाच फिरवते. म्हणून टाच गोल राहते. झोपायच्या जागी दगड झोपव, झुलायच्या जागी टाच झुलव."

विश्वंभररावांनी मांडीवरची पन्हळ खाली ठेवली. मग त्यांनी पाळण्याकडे पाहिले. तळाकडे पाहिले. पॉलिश पेपर खाली फळीवर, आणि पट्टी वर, पाळण्याच्या तळाला, तोंड खाली करून!

"आई!" ते ओरडले, इतक्या जोरात की गोदूबाईंच्या हातून तांब्या पडला. "पण लाकूड? लाकूड कुठून आणू?"

मोरीत पडलेला तांब्या उचलून ठेवल्याचा आवाज आला.

"पलंगाला दोन बाजू असतात," गोदूबाई म्हणाल्या.

"तुम्ही झोपाल कुठे?" रुक्मिणीने विचारले.

"जमिनीवर. तुझ्या सासऱ्यांनी त्या पलंगावर मला एक दिवस नीट झोपू दिलं नाही. इतके घोरायचे. एकदाचं त्यातून काही सूर तरी निघू दे."

पलंग तासाभरात जमीनदोस्त झाला. नवी पट्टी पाळण्याच्या तळाला पक्की बसली, खाली पॉलिश पेपर, वर कुंचीतला वरवंटा. झोका दिला. आवाज पहिल्यापेक्षा वेगळा होता, घासल्यासारखा नाही, गुणगुणल्यासारखा. रुक्मिणीला कळले की ती त्या धुनेच्या ठेक्यात झोके देते आहे, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि तिने ते तसेच चालू ठेवले. मधेच तिने विश्वंभररावांना झोका द्यायला लावले. मग गोदूबाईंनीही दिला, "जरा सरका, तुम्हाला पाळणा हलवता येतो का" म्हणत. शेवटी पट्टी सोडवून विश्वंभररावांनी तिच्यावर हात फिरवला. वर चढला, खाली उतरला, कुठे टेकाड नाही, कुठे खळगा नाही. विश्वंभररावांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आईसमोर बायकोचा हात धरला. गोदूबाई भिंतीकडे तोंड करून खोकल्या.

पुढचे काम विश्वंभररावांच्या हातचे होते. खाचा पाडल्या, जुन्या पट्टीवरचे पितळी पडदे काढून नव्या पट्टीवर ठोकले, सरस लावून पट्टी मानेवर चिकटवली आणि रात्रभर दोऱ्यांनी आवळून ठेवली. शनिवारी दुपारी तारा चढवल्या. शेवटची तार ताणली जात होती, तोच अंगणात बांगड्या वाजल्या.

इंदिराकाकू, शारदाबाई आणि त्यांच्यामागे झाशीतल्या झाडून साऱ्या मराठी बायका. कुणाच्या हातात घुगऱ्यांचे पातेले, कुणाच्या हातात टोपडे, कुणाच्या हातात ओटी. शनिवारपर्यंत होणार म्हणून ठेलेवाल्याने सांगितलेले होते, शारदाबाईंनी भिंतीपलीकडून पाळण्याचा आवाज ऐकलेला होता, आणि आज तो आवाज थांबला म्हणजे बाळ निजले. इतके सरळ होते सगळे.

"चोरून बारसं करता होय?" इंदिराकाकू म्हणाल्या आणि थेट पाळण्याशी गेल्या. कुंची उचलली. त्यांचा हात एकदम खाली गेला.

"अगंबाई! केवढं वजन!" आणि मग, कुंची बाजूला सारून, "हा तर वरवंटा!"

रुक्मिणीला वाटले, धरणी दुभंगावी आणि आपण पाळण्यासकट आत जावे. गावभर टोपडी शिवली गेली होती तिच्या नावाने. बोलल्या गोदूबाई.

"वरवंटाच आहे. रिकामा पाळणा कसा हलवणार? बाळ तिथे आहे कोपऱ्यात. घुगऱ्या आणल्यात ना? मग बारसं करा, वेळ घालवू नका."

बायकांनी कोपऱ्यातल्या गिटारीकडे पाहिले. मग रुक्मिणीकडे. आधी शारदाबाई फुटल्या. त्यांचे हसू इंदिराकाकूंना लागले, काकूंचे सगळ्यांना लागले, आणि थोड्या वेळाने त्या क्वार्टरमध्ये उभे राहून हसणे कुणाला जमेना, म्हणून बायका जमिनीवर बसून हसल्या. गिटार पाळण्यात निजवली गेली. तिला टोपडे घातले. नाव कोण ठेवणार? नाव आत्या ठेवते.

आत्या म्हणजे डोरीन. ती निरोप घ्यायला म्हणून आली होती आणि दारात उभी राहून डोळे पुसत होती. तिला पाळण्याशी ओढले, काय करायचे ते हिंदीत सांगितले. ती वाकली, गिटारीच्या गोल भोकाशी तोंड नेले आणि कुजबुजली.

"ज़ोर से!" शारदाबाई म्हणाल्या.

"गोदू," डोरीन म्हणाली.

"मी जिवंत आहे अजून!" गोदूबाई किंचाळल्या. पण तोवर बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली होती. डोरीनला हा रिवाज कुणी सांगितला नव्हता. ती दोन धपाटे मुकाट्याने सोसून तिसऱ्याला ओरडली, "व्हॉट इज दिस, मॅन!" आणि घुगऱ्यांचे पातेले जवळजवळ लवंडले.

तेवढ्यात बाहेर टांगा आला. गाडीची वेळ झाली होती. धून वाजवायची राहून गेली होती.

मग काय, सगळेच स्टेशनवर. टांग्यात डोरीन, गार्डसाहेब आणि ट्रंका, मागून गिटार कवटाळून रुक्मिणी, विश्वंभरराव, गोदूबाई आणि बायकांचा तांडा. फलाटावर इंदिराकाकू अनोळखी उतारूंच्या हातावर घुगऱ्या ठेवत सुटल्या. मेल आली, सामान चढले, डोरीन खिडकीत बसली. रुक्मिणी हातगाडीवर टेकली, टोपडे काढले आणि वाजवायला लागली.

तिला फलाट दिसत नव्हता. जिथे नेहमी बोट घसरायचे ती जागा जवळ आली. तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात तिथे, आणि मधली एक तरी तार नेहमी मुकी राहायची. नव्या पट्टीची पाठ तिच्या बोटाखाली वर आली, बोट तिच्यावर विसावले आणि सगळ्या तारा बोलल्या. रुक्मिणी पुढे गेली. पुढची जागा, त्यापुढची, आणि मग ती धून संपली, जिथे संपायला हवी तिथेच.

तिने मान वर केली. डोरीन खिडकीच्या गजांना धरून बसली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने तो शब्द उच्चारला नव्हता. रुक्मिणीला इतका आनंद झाला की तिला तो सहन होईना. तिने विश्वंभररावांकडे पाहिले. ते आपल्याच हातांकडे बघत होते.

शिटी झाली. गाडी हलली. डोरीनचा डबा फलाटावरून सरकू लागला, आणि गजांतून एक हात बाहेर आला.

"रुकी!" डोरीन ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "अगेन! प्लीज़ मॅन, अगेन!"

रुक्मिणीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डबे तिच्यासमोरून गेले, गार्डचा डबा गेला, लाल दिवा पुलाकडे वळला. हमाल सामान उचलून गेले. घुगऱ्या संपल्या. गाडी दिसेनाशी झाल्यावर तिचे हात थांबायला लागले, तेव्हा गोदूबाईंनी हातगाडीवर तिच्या शेजारी बैठक मारली.

"थांबतेस कशाला?" त्या म्हणाल्या. "माझ्या नावाची आहे ती. शेवटपर्यंत वाजव."